जपानमार्गे कोहकाटोला

आमच्याकडचा एक तालुका सरकारी यादीत वरच्या श्रेणीतून खालच्या श्रेणीत घसरला, त्या दिवशी तिथल्या पुढाऱ्यांनी बसस्टँडवर पेढे वाटले होते. मीही दोन खाल्ले. बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल, म्हणून आधीच सांगून टाकते. उद्योग धोरणात तालुक्यांना शाळेतल्यासारख्या श्रेणी असतात, फक्त ही शाळा उलटी चालते. जितका नंबर खाली तितक्या सवलती जास्त. त्यामुळे आपला तालुका मागास ठरावा म्हणून निवेदनं येतात आणि पुढारलेला ठरला की निषेध होतो.

माजरीकडचा एक वीटभट्टीवाला मला म्हणाला होता, "बाई, नाल्याच्या त्या अंगाले दुसरा तालुका लागते. भट्टी तिकडं नेली तं सवलत वाढन का?"

"वाढेल. पण माती आणि कोळसा तर या अंगाला आहे ना?"

"ते आणू ना इकडून. सवलत थोडीच आणता येते."

ज्या फटी बुजवायला मुंबईत समित्या बसतात, त्या याला चहा संपायच्या आत सापडल्या होत्या.

मी एकतीस वर्षं चंद्रपूर आणि गडचिरोलीत उद्योग निरीक्षक होते. नावात 'निरीक्षक' असल्याने माझं निम्मं आयुष्य गैरसमज दूर करण्यात गेलं. माझी मोपेड दिसली की तेलघाणीवाले घाणी बंद करून बाहेर येऊन बसत आणि 'मालक गावाले गेले' असं मालकच सांगत. खरं तर माझं काम दंड करण्याचं नव्हतंच. कुणाला काही उद्योग काढायचा असेल तर त्याचा अर्ज भरून घ्यायचा, जागा पाहायची, धोरणात तो कुठे बसतो ते शोधायचं, बसत नसेल तर जरा ढकलून बसवायचा, आणि काम सुरू झालं की 'उत्पादन सुरू झालं' असा दाखला लिहायचा. या दाखल्यावर सगळं अवलंबून असे. तो मिळाला की शेड आणि यंत्र तुमचं. नाही मिळाला तर सरकारचं.

आता धोरणाबद्दल. दर काही वर्षांनी ते बदलतं. का बदलतं ते मला कुणी सांगितलं नाही, पण कसं बदलतं ते मी जवळून पाहिलं आहे. वरचे साहेब अभ्यासाला परदेशी जातात. तिथे काहीतरी छान चाललेलं असतं. ते परत आले की त्याचं परिपत्रक निघतं आणि आम्ही ते पिशवीत घालून रानात जातो. मी नोकरीला लागले तेव्हा धोरण सोपं होतं: मागास भागात एक मोठा कारखाना आणून ठेवा, बाकीचं त्याच्यामागून येईल. चंद्रपूरकडे कारखाने आले आणि त्यांच्यामागून पानटपऱ्या आल्या. गडचिरोलीकडे काही आलंच नाही. मग इटली आली.

इटलीत म्हणे छोटे छोटे चांभार आणि फरशीवाले एकाच गावात शेजारी शेजारी बसतात, महागडं यंत्र सामाईक वापरतात आणि जगाला माल पुरवतात. कल्पना चांगलीच आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. आमच्यापर्यंत येताना तिची अट झाली: एकाच जागी किमान वीस उद्योग हवेत. मी सिरोंच्याला गेले. गोदावरीकाठी मासेमारांची घरं मैलोन्‌मैल पसरलेली. त्यांना मासळी साठवायला बर्फाची सोय हवी होती. मी त्यांना वीस जण एका ठिकाणी या म्हणाले. तिथले एक वयस्कर कोळी, तेलुगू मिसळलेल्या मराठीत म्हणाले, "अम्मा, चेपा एका जागी राहते का? मंग आमी कसे राहू?"

चेपा म्हणजे मासे. शेवटी तपासणीच्या दिवशी वीस नावा एका घाटाला आणून बांधल्या, फोटो काढला, आणि साहेबांची गाडी वळली तशा नावा आपापल्या गावी गेल्या. बर्फाची सोय मात्र झाली. ती अजून चालते, आणि ते सिरोंच्यापर्यंत पोचलेलं इटलीचं एकमेव काम आहे.

इटलीनंतर जर्मनी आली. तिचं सांगणं असं की हातात कसब असल्याखेरीज उद्योग चालत नाही, तेव्हा आधी प्रशिक्षण, मग यंत्र. हेही बरोबरच. पण या जर्मनीने मला कोहकाटोल्यात तोंडघशी पाडलं, आणि आज जी गोष्ट सांगायला बसले आहे ती तिथूनच सुरू होते.

कोहकाटोला हे गडचिरोलीच्या आतल्या भागातलं गोंडांचं लहानसं गाव. आजूबाजूच्या जंगलात चारोळीची झाडं पुष्कळ. या झाडाला आणि फळाला आमच्याकडे 'चार' म्हणतात. फळ वाटाण्याएवढं, पिकलं की काळं-जांभळं होतं. त्याचा गर खायचा, आत कडक गुठळी निघते, ती फोडली की आपण बासुंदीवर टाकतो ती चारोळी. ही गुठळी फोडणं हे महाकठीण काम. भिजवायची, चोळायची, वाळवायची, मग जात्यात अशा हलक्या हाताने भरडायची की कवच फुटेल आणि आतला दाणा फुटणार नाही. काही जणी ते करत, पण बहुतेक बायका इतकी कटकट करण्यापेक्षा न फोडलेल्या गुठळ्याच व्यापाऱ्याला देऊन टाकत आणि मिठाच्या पिशव्या घेत. पावसाच्या आत गावात एक गुठळी उरत नसे.

या बायकांच्या बचत गटाची प्रमुख रैनूबाई मडावी. माझ्याच वयाची, सडसडीत, कमी बोलणारी. तिला गुठळी फोडायचं यंत्र हवं होतं. ती पहिल्यांदा माझ्या कार्यालयात आली तेव्हा तिने अर्ज दिला नाही, दोन्ही हात माझ्या टेबलावर ठेवले. बोटांची पेरं सुजून गाठी आल्या होत्या.

"जातं ओढूओढू असे झाले. मशीन दे," ती म्हणाली. तिकडे लहानमोठ्या सगळ्यांना 'तू'च म्हणतात, कलेक्टरलाही.

इटलीच्या धोरणात तिचा अर्ज फेटाळला गेला, कारण गाव एकच होतं आणि उद्योग वीस हवे होते. जर्मनीच्या धोरणात अडला, कारण बायकांकडे चारोळी फोडण्याचं प्रमाणपत्र नव्हतं. मी खटपट करून प्रशिक्षण मंजूर करून आणलं. नागपूरहून एक तरुण प्रशिक्षक आले. त्यांनी तोवर चारोळी फक्त मिठाईवर पाहिलेली होती. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर आकृती काढली, ती बदामाची निघाली. दुसऱ्या दिवसापासून ते रैनूबाईजवळ जात्यापाशी मांडी घालून बसले. पाच दिवसांनी प्रशिक्षण संपलं तेव्हा प्रमाणपत्रं बायकांना मिळाली आणि विद्या प्रशिक्षकांना. जाताना ते माझ्या कानात म्हणाले, "मॅडम, हे माझ्या आईला शिकवायला हवं." भला माणूस होता.

प्रमाणपत्रं हाती आली आणि धोरण बदललं. आता जपान आला.

आमचे साहेब, कानिटकर, मूळ पुण्याचे. स्वभावाने सरळ, कामाचा उत्साह भयंकर. ते अकरा दिवस जपानला जाऊन आले होते आणि त्यानंतर त्यांचं प्रत्येक वाक्य 'तिथे' या शब्दाने सुरू होई. तिथे प्रत्येक गाव आपलं एकच उत्पादन ठरवतं, ते उत्तम करतं आणि गावाच्या नावाने विकतं. "आपल्याकडे असं एक तरी गाव आहे का?" त्यांनी बैठकीत विचारलं. मी कोहकाटोल्याची फाइल पुढे केली. दोन धोरणांचे नकार तिच्यावर होते, पण या तिसऱ्यात ती अशी चपखल बसली की जणू कोहकाटोला बघूनच जपानने धोरण केलं असावं. शेड मंजूर झाली, बांधली गेली. यंत्रही आलं. बायकांनी त्याला हळदकुंकू लावलं. रैनूबाईने त्याच्या चाकावरून दोनदा हात फिरवला आणि पदराने पुसून घेतलं.

अट एकच होती. धोरणाची मुदत मार्चअखेर संपत होती. त्याआधी उत्पादन सुरू झाल्याचा दाखला हवा. नाही तर मंजुरी रद्द आणि यंत्र परत. त्यातच साहेबांनी आणखी एक बेत आखला. जपानमधल्या ज्या गावी ते गेले होते, तिथल्या सहकारी संस्थेचे एक जुने कार्यकर्ते भारतात येणार होते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्याच हस्ते यंत्र सुरू करायचं ठरलं.

मार्चच्या मध्यावर मी निरोप घेऊन कोहकाटोल्याला गेले. रैनूबाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मार्चात नाई जमत. पंडुम नाई झाला."

पंडुम म्हणजे सण. रानात आलेलं कुठलंही नवं फळ, नवं फूल आधी गावदेवाला द्यायचं. त्याचा दिवस ठरवतो गायता, म्हणजे गावचा पुजारी. तो दिवस होईपर्यंत ते फळ कुणी तोडत नाही, चाखत नाही, गावच्या शिवेच्या आत आणत नाही. चाराचा पंडुम फळ काळं पडल्यावर, एप्रिल-मेमध्ये कधीतरी. मार्चमध्ये झाडावर नुसते हिरवे मणी.

मी हे साहेबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग सण अलीकडे घेता येईल ना?"

"सर, तो गायता ठरवतो."

"म्हणजे या विषयात सक्षम प्राधिकारी तेच. ठीक आहे, त्यांना पत्र द्या."

आणि खरंच पत्र निघालं. जावक क्रमांकासह. प्रति, गायता, मौजा कोहकाटोला. विषय: चार फळाचा पंडुम मार्चअखेरपूर्वी घेण्याबाबत. मी एकतीस वर्षांत हजारो पत्रं पोचवली, पण हे हातात धरताना मला जरा लाज वाटली आणि जरा हसूही आलं.

चैतू गायता घरासमोर बांबूच्या कामट्या सोलत बसला होता. सत्तरीचा, अंगाने काटक. त्याला वाचता येत नव्हतं. मी पत्र वाचून दाखवलं आणि रैनूबाईने गोंडीत सांगितलं. त्याने कामटी बाजूला ठेवून पूर्ण ऐकलं. मग रैनूबाईमार्फत विचारलं, सही कोणाची?

"साहेबांची."

तो झाडांकडे बघून काही बोलला. रैनूबाई हसू दाबत म्हणाली, "म्हणून राह्यला, चाराले बी असा कागद देल्ला का? त्यानं ऐकलं तं मी उद्याच पंडुमाले बसतो."

मी पत्राच्या पोचवर 'गायता यांनी नकार दिला' असा शेरा लिहिला आणि परत निघाले.

आता माझी चूक सांगते. ती माझी एकटीची, कुणी करायला सांगितली नव्हती. मोपेडवरून येताना माझ्या डोक्यात विचार आला की बंदी नव्या फळाला आहे. गेल्या वर्षीच्या गुठळ्या असतील तर देवाचीही हरकत नाही आणि धोरणाचीही नाही. गावात उरल्या नव्हत्या, पण बाजारात असतील. मी चंद्रपूरच्या बाजारात एका आडत्याकडून अर्धं पोतं गुठळ्या आणल्या. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश होते की पोतं उघडून पाहिलंसुद्धा नाही. मी झाडीपट्टीतली, म्हणजे धानाच्या मुलखातली, सावली गावची बाई; धानाचं पोतं न पाहता कधी घेणार नाही. पण सरकारी कामाला निघालं की घरची अक्कल घरीच राहते.

पाहुणे आले. बुटके, टोपीवाले, पंचाहत्तरीचे आजोबा. बरोबर नागपूरची एक दुभाषी मुलगी. तिला जपानी उत्तम येत होतं, पण झाडीबोली, म्हणजे इकडची मराठी, येत नव्हती. गोंडी तर नाहीच. मोहाचा पंडुम आधीच झाला होता, म्हणून बायकांनी पाहुण्यांना मोहाच्या फुलांचा हार घातला. त्यांनी तो हुंगला आणि एक फूल काढून तोंडात टाकलं. साहेबांनी तिथल्या शिस्तीवर भाषण केलं. मग पाहुण्यांनी बटण दाबलं. यंत्राने मोठा घरघराट केला, मी पोतं ओतलं आणि खालच्या पाटीत पडला भुगा. पिवळसर, कडवट वासाचा, आणि त्यात वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या.

पाहुण्यांनी चिमूटभर भुगा तळहातावर घेतला, चष्मा वर सरकवला आणि विचारलं. दुभाषी म्हणाली, "ते विचारतात, हे कुठल्या झाडाचं?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी रैनूबाईकडे पाहिलं. माझी आशा होती की ती काहीतरी सांभाळून घेईल. पण पाहुण्याशी खोटं बोलायचं हे त्या गावात कुणाच्या मनातच येत नाही.

"हे आमचं नाई," ती म्हणाली. "हे या बाईनं बजारातून आणलं."

मी रिकाम्या पोत्याची घडी घालू लागले.

आजोबांनी विचारलं, मग तुमचं कुठे आहे? रैनूबाईने गायत्याला पुढे बसवलं. पुढचा अर्धा तास जो संवाद झाला तसा मी आयुष्यात पुन्हा ऐकला नाही. गायता गोंडीत बोले, रैनूबाई ते झाडीबोलीत सांगे, मी ते पुस्तकी मराठीत करे आणि दुभाषी ते जपानीत. गायत्याचं एक वाक्य जपानला पोचेपर्यंत तीन मिनिटं होत. तो म्हणाला, कच्चं तोडलं तर गुठळीत दाणाच भरत नाही. पलीकडच्या गावांनी व्यापाऱ्याच्या घाईपायी पंडुम सोडला, तेव्हापासून त्यांच्या गुठळ्या पोकळ निघतात, आणि फांद्या तोडूतोडू झाडंही चालली. म्हणून एक दिवस ठरवायचा, सगळ्यांनी थांबायचं, सगळ्यांनी बरोबर जायचं.

आजोबा ऐकत होते. मग ते बोलू लागले आणि बराच वेळ बोलत राहिले. दुभाषीने सांगितलं ते असं. त्यांच्या गावी संत्र्याच्या जातीचं एक छोटं फळ होतं. ते गावाचं उत्पादन ठरलं. पहिल्या वर्षी शहरात सगळ्यांच्या आधी पोचायचं म्हणून प्रत्येकाने हिरवंच तोडलं. शहरातल्या लोकांनी एकदा ते आंबटढाण फळ खाल्लं, आणि पुढचे कितीतरी हंगाम पेटीवर गावाचं नाव दिसलं की पेटी परत ठेवत. गाव मोडायच्या बेताला आलं. तेव्हापासून गावातली एक वयस्कर बाई पहिलं फळ चाखते. ती 'हो' म्हणेपर्यंत कुणाच्या बागेत कात्री लागत नाही.

मी ते मराठीत सांगितलं, रैनूबाईने गोंडीत. तिचं गोंडी फारच लवकर संपलं, म्हणून मी विचारलं, "एवढ्यात सांगून झालं?"

"हो. त्याईचंबी असंच हाय म्हणून सांगतलं."

साहेब गोंधळून गेले होते. त्यांनी दुभाषीमार्फत विचारलं, "मी अकरा दिवस तुमच्याकडे होतो. हे मला कुणी का सांगितलं नाही?"

आजोबा म्हणाले, "आमच्याकडे दर महिन्याला बस भरून पाहुणे येतात. सगळे विचारतात, तुम्ही यशस्वी कसे झालात. ते वाईट वर्ष कुणी विचारत नाही."

साहेबांनी वही काढली आणि पहिल्यांदा खाली मान घालून लिहीत बसले. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार आदर वाटला. तो दोन दिवस टिकला.

कारण तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "बाई, यंत्र चाललं ना? त्यातून काही बाहेर पडलं ना? मग दाखला लिहून टाका. यंत्र त्या बायकांना मिळायलाच हवं." त्यांच्या मनात पाप नव्हतं. ते गावाच्या बाजूनेच बोलत होते. मी फॉर्म घेऊन कोहकाटोल्याला गेले. त्यात एक रकाना होता, 'उत्पादित माल व त्याचा स्रोत'. मी शेडमध्ये बसून पेन उघडलं.

रैनूबाई म्हणाली, "काय लिहून राह्यली?"

मी सांगितलं. लिहिलं तर यंत्र तुमचं, नाही लिहिलं तर पुढच्या आठवड्यात ट्रक येईल.

ती यंत्राजवळ जाऊन उभी राहिली. "मले मशीन पायजे बाई," ती म्हणाली. "लई पायजे. पर आमच्या गावच्या नावानं पहिला माल किडका लिहिशीन, तं तो कागदावर तसाच राहीन. तो बुढा सांगून गेला ना, पेटी वापस ठेवते म्हणून."

मी पेन बंद केलं.

ट्रक आला तेव्हा यंत्र चढवायला बायकांनीच हात लावला. ड्रायव्हरला जाताना एक भोपळा दिला. मी बाजूला उभी होते. आजही मला वाटतं की 'माल: गेल्या वर्षीचा, स्रोत: बाजार' असं खरंखरं लिहून पाहायला हवं होतं. कदाचित कुणी वाचलंही नसतं. एकतीस वर्षांत मी लिहिलेलं फार थोडं कुणी वाचलं. पण ते तेव्हा सुचलं नाही, आणि त्यापायी त्या बायकांनी आणखी चार उन्हाळे जातं ओढलं. हे मी माझ्या खात्यावर धरते.

त्या भेटीची टिपणी मात्र साहेबांनी माझ्याकडून लिहून घेतली. मी चार पानं लिहिली, दोन गायत्याची आणि दोन आजोबांची. ती टिपणी वर गेली. धोरण कसं घडतं ते मला त्या निमित्ताने कळलं. पहिल्या टेबलावर गायत्याच्या दोन पानांपुढे शेरा पडला, 'संदर्भ नाही'. दुसऱ्या टेबलावर ती पानं गळाली. तिसऱ्या टेबलावर आजोबांचं वाईट वर्ष गेलं, कारण सरकारी कागदात अपयश शोभत नाही. उरलं ते तीन वर्षांनी नव्या धोरणाबरोबर परिपत्रक होऊन माझ्या टेबलावर आलं: 'वनोपजांची परिपक्व तोडणी (जपानी पद्धत)'. त्यातली दोन वाक्यं माझीच होती. मी ती लगेच ओळखली.

नव्या धोरणात चारोळी फोडायची यंत्रं पुन्हा मिळणार होती, पण ज्या गावाने जपानी पद्धतीचं प्रशिक्षण घेऊन तोंडी परीक्षा दिली त्यालाच. गटातल्या बहुतेक जणी पास व्हायला हव्यात. मी या पद्धतीचे नियम छापलेला फ्लेक्स गुंडाळून मोपेडला बांधला आणि कोहकाटोल्याला शिकवायला गेले.

शेडमध्ये बावीस बायका आणि मागे चैतू गायता बसला. मी सगळं वाचून दाखवलं. फळ कच्चं तोडू नये. गावाने एक दिवस ठरवावा. त्याआधी कुणी झाडाला हात लावू नये. बायका एकमेकींकडे बघत होत्या. रैनूबाईने शेवटी विचारलं, "हे आमी त्याईले सांगतलं का त्याईनं आमाले?"

"दोघांनी एकमेकांना," मी म्हटलं. "पण कागद तिकडून आला."

"बरं हाय. कागद आला ना."

मग परीक्षा. दहा प्रश्न होते. नऊ सोपे, हात कधी धुवावे वगैरे. दहावा अनिवार्य: फळ केव्हा तोडावे? मला दिलेल्या उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं, 'फळाचा रंग हिरव्यावरून काळा-जांभळा झाल्यावर.' पहिल्या बाईने उत्तर दिलं, "गायता म्हणन तवा." दुसरीने तेच. तिसरीनेही तेच. मी सुचवून पाहिलं, "रंगाचं काही?" ती म्हणाली, "रंग तं तोच पाहते ना. आमी काऊन पाहू?" बाविसाव्या बाईपर्यंत उत्तर एका अक्षराने बदललं नाही. उत्तरपत्रिकेप्रमाणे अख्खं कोहकाटोला नापास होतं.

पुन्हा तोच फॉर्म, पुन्हा तेच पेन. मी उगाच वेळ काढायला मागे बसलेल्या गायत्यालाही प्रश्न विचारला. या सगळ्या तुमचं नाव सांगतात, मग तुम्ही सांगा, केव्हा तोडावं? रैनूबाईने ते गोंडीत विचारलं. तो थोडं बोलला.

"तो म्हणते, मी रोज सकाळी जाऊन पाहतो. खाली पडलेला दाणा दातानं फोडून पाहतो. पाखरं खाऊन राह्यली का पाहतो. मंग सांगतो."

मी बावीसच्या बावीस जणींना पैकीच्या पैकी गुण दिले आणि शेऱ्यात लिहिलं, 'उत्तर पूर्ण बरोबर'. दाखल्याच्या वेळी माझा हात थांबला होता, या वेळी थांबला नाही, कारण हे खरं होतं. कानिटकर साहेब तोवर नागपूरला वरच्या जागेवर गेले होते. कागद त्यांच्याकडे पोचल्यावर त्यांचा फोन आला.

"बाई, उत्तर नमुन्याशी जुळत नाही."

"सर, नमुना उत्तराशी जुळत नाही."

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला. "मूळ टिपणी तुमचीच होती ना?"

"हो सर."

"मग पाठवतो वर," ते म्हणाले. आणि त्यांनी पाठवला.

यंत्र आलं ते ऐन पावसात, चाराचा हंगाम उलटून गेल्यावर. ताडपत्री घालून ते शेडमध्ये उभं राहिलं. त्याच महिन्याच्या शेवटी मी निवृत्त झाले आणि सावलीला परत आले. इथे आमची धानाची थोडी बांधी आहे, ती शेती बघते. उद्योग धोरण वर्तमानपत्रात वाचते. हल्ली व्हिएतनाम चालू आहे.

पुढच्या मे महिन्यात दुपारी रैनूबाईचा फोन आला. त्यांच्याकडे फोन लागायला टेकडी चढावी लागते, त्यामुळे तिला धाप लागली होती.

"बाई, पंडुम झाला. मशीन लावली आज. लई आवाज करते. पर दाना कसा निघते पाहाले पायजे होतं तुले, सारा सारा अख्खा."

मी म्हटलं, फार छान झालं. हात कसे आहेत? ती म्हणाली, हात आहेत तसेच आहेत, आता काही बदलायचे नाहीत, पण सुनेचे वाचले. मग म्हणाली, "तो कागद लिहून दे ना आता. चालू झालं म्हणून."

"अगं, मी रिटायर झाले. माझ्या सहीला आता काही किंमत नाही. नवीन साहेब येतील, ते लिहितील."

"ते लिहीन तं लिहीन. तूबी लिही."

फोन ठेवला आणि मी नातीच्या वहीतलं एक पान घेतलं. मौजा कोहकाटोला. माल: चारोळी. स्रोत: गावचं जंगल. उत्पादन आजपासून सुरू झालं असून मी खात्री केली आहे. खाली तारीख घातली आणि पूर्ण सही केली. मग सवयीने शिक्का शोधायला हात टेबलावरून फिरला, आणि शेवटी तसाच कागद घडी करून पोस्टाने रैनूबाईला पाठवला.